मलेरिया: धुराच्या यंत्राआधी रक्त तपासा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पोळा झाला, गौरी-गणपती आले, की आपल्याकडे तापाच्या बातम्या सुरू होतात आणि जवळपास प्रत्येक बातमीसोबत एकच छायाचित्र छापून येते: गल्लीतून निघालेला पांढरा धुराचा लोट, त्यामागे धावणारी पोरे आणि यंत्रावर हात ठेवून उभे असलेले लोकप्रतिनिधी. लातूर जिल्ह्यातील एका प्राथमिक आरोग्य केंद्रात प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून माझी बरीचशी नोकरी झाली. आरोग्य सेवकांनी गावोगाव फिरून गोळा केलेल्या रक्तनमुन्यांत मलेरियाचा परजीवी शोधणे, हे माझे रोजचे काम होते. त्या कामाच्या आधारावर एवढेच म्हणायचे आहे, की मलेरियापुरते बोलायचे तर हा धूर बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी सोडला जातो. हा रोग मुक्कामाला असतो तो आजारी माणसाच्या रक्तात, आणि तो पसरवणारा डास वाढतो तो आपण जिवापाड जपून साठवलेल्या चांगल्या पाण्यात. या दोन्ही ठिकाणी डोकावायला मात्र कुणाला सवड नसते.

खरे तर मराठवाड्याला ही माहिती सर्वांत आधी असायला हवी होती. आपला भाग ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्याच संस्थानातल्या सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस या लष्करी डॉक्टरला २० ऑगस्ट १८९७ रोजी डासाच्या जठराच्या भिंतीत मलेरियाचा परजीवी सापडला. त्याआधी १८८० मध्ये लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियात रुग्णाच्या रक्तात हा जीव पाहिला होता, पण तो एका माणसातून दुसऱ्यात जातो कसा, याचा पत्ता लागत नव्हता. रॉसने हुसेन खान नावाच्या रुग्णाला पैसे देऊन डास चावू दिले, ते डास पुढे एकेक करून फाडले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. जठराच्या भिंतीतल्या पेशींत त्याला काळपट तपकिरी रंगाचे कण दिसले. तसलेच कण मलेरियाच्या रुग्णाच्या रक्तातही दिसतात, हे त्याला ठाऊक असल्यामुळे धागा जुळला. या शोधासाठी १९०२ चे नोबेल पारितोषिक त्याला मिळाले. आता २० ऑगस्ट हा जागतिक डास दिन म्हणून पाळतात. आपल्याकडे त्या दिवशी आरोग्य केंद्राच्या दाराशी एक फलक लागतो, आणि गावात अजूनही ‘परगावचं पाणी बाधलं, म्हणून हिव भरलं’ असेच बोलले जाते.

मलेरिया पाणी पिण्याने होत नाही, शिळे खाल्ल्याने होत नाही, आजाऱ्याच्या वाकळेत झोपल्यानेही होत नाही. बाधित रक्त चढवणे किंवा आईकडून गर्भाला लागण होणे असे अपवाद सोडले, तर तो ॲनॉफिलिस डासाच्या मादीच्या चाव्यातूनच होतो. नर डास फुलाफळांच्या रसावर जगतो. मादीला अंडी तयार होण्यासाठी रक्त लागते, म्हणून ती चावते, आणि तीही बहुधा संध्याकाळपासून पहाटेपर्यंत. ही मादी जन्मतः रोग घेऊन येत नाही. ती आधी एखाद्या मलेरियाच्या रुग्णाला चावली, तरच परजीवीची नर आणि मादी रूपे रक्तासोबत तिच्या पोटात जातात. तिथे त्यांचा संयोग होतो, जठराच्या भिंतीवर गाठी धरतात, त्या फुटून हजारो तंतूसारखे जीव बाहेर पडतात आणि तिच्या लाळग्रंथींत जाऊन बसतात. आपल्या पावसाळी हवेत या सगळ्याला साधारण दहा ते चौदा दिवस लागतात. डासाचे आयुष्यच मुळी काही आठवड्यांचे, त्यामुळे मे महिन्यातली आपल्याकडची बेचाळीस अंशांची कोरडी झळ त्याला तेवढे दिवस तग धरू देत नाही. जुलै ते नोव्हेंबर या काळात हवेत ओल असते, डास जास्त दिवस जगतो आणि रोगाचा हंगाम सुरू होतो.

यातून जे निघते ते माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे आहे. आज ज्याला ताप आहे आणि ज्याचे रक्त कुणी तपासलेले नाही, तोच तीन-चार आठवड्यांनी शेजारच्या आळीत निघणाऱ्या तापाचा उगम ठरू शकतो. डास फक्त ने-आण करतो.

चाव्याबरोबर शरीरात शिरलेले परजीवी रक्तात फार वेळ फिरत नाहीत, तासाभरात ते यकृत गाठतात. यकृताच्या पेशींत आठवडाभर किंवा त्याहून थोडे अधिक दिवस ते गुपचूप वाढतात, आणि त्या काळात माणसाला काहीही जाणवत नाही. तो शेतात जातो, बाजार करतो. एकेका परजीवीपासून हजारो नवे जीव तयार झाले की यकृताची पेशी फुटते आणि ते सारे रक्तातल्या तांबड्या पेशींवर तुटून पडतात. तांबड्या पेशीत शिरलेला परजीवी तिथले हिमोग्लोबिन खातो, त्यातून उरलेल्या लोहाचे काळपट कण करतो (रॉसला दिसले ते हेच), वाढतो, विभागतो आणि साधारण ४८ तासांनी पेशी फोडून बाहेर पडतो. लाखो पेशी एकाच सुमाराला फुटल्या की त्यातला मळ रक्तात मिसळतो, शरीराची प्रतिकारयंत्रणा खवळते आणि मेंदूतले तापमानाचे नियंत्रण वर सरकते. अंग तापू लागलेले असते, पण मेंदूला ते थंडच वाटते, म्हणून स्नायू थरथरवून तो आणखी उष्णता निर्माण करतो. दात वाजतात, तीन-तीन वाकळा अंगावर टाकल्या तरी हिव थांबत नाही. तासाभरात थंडी ओसरते, मग काही तास अंग भाजून निघते, डोके फुटेलसे दुखते, आणि शेवटी दरदरून घाम येऊन ताप उतरतो. दुसऱ्या दिवशी माणूस हिंडूफिरू लागतो आणि इथेच फसतो, कारण पुढची पिढी तेव्हा पेशींच्या आत तयार होत असते. अर्थात, दिवसाआड येणारा ताप म्हणजेच मलेरिया, असेही धरून चालू नये. सुरुवातीला परजीवींचे वेळापत्रक जुळलेले नसते आणि ताप रोज, कधीही येतो. थंडी वाजली नाही म्हणून रक्त तपासलेच नाही, असे रुग्ण मी पुष्कळ पाहिले आहेत.

हे चक्र चालू राहिले की तांबड्या पेशी झपाट्याने कमी होतात, माणूस पांढरा पडतो, चार पायऱ्या चढल्या तरी धाप लागते. फुटलेल्या आणि बाधित पेशी गाळून काढण्याचे काम पानथरीवर पडते, म्हणून ती सुजते आणि डाव्या बरगडीखाली हाताला लागते. आपल्याकडे आधीच अंगात रक्त कमी असलेल्या बायका आणि पोरे यांची वाण नाही. त्यांच्या बाबतीत मलेरियाचे दोन-तीन झटके म्हणजे वर्षभराचे दुखणे असते. गरोदर बाईला तो झाला, तर तिचा रक्तक्षय वाढतोच, शिवाय बाळ कमी वजनाचे जन्मण्याची, गर्भ पडण्याचीही भीती असते.

भारतात मुख्यतः दोन प्रकारचे परजीवी आढळतात, व्हायवॅक्स आणि फॅल्सिपेरम. व्हायवॅक्स प्रामुख्याने कोवळ्या तांबड्या पेशींत शिरतो, त्यामुळे रक्तातली त्याची संख्या एका मर्यादेत राहते. फॅल्सिपेरमला कुठल्याही वयाची पेशी चालते, म्हणून तो बेसुमार वाढतो. शिवाय त्याने व्यापलेल्या पेशींचा पृष्ठभाग चिकट होतो आणि त्या बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून वाट अडवतात. मेंदूत असे झाले तर झटके येतात, शुद्ध हरपते. मूत्रपिंडात झाले तर लघवी कमी होते आणि काळसर येते. कावीळ, श्वास लागणे, रक्तातली साखर एकदम खाली जाणे हेही यातलेच. चांगला बोलताचालता माणूस एक-दोन दिवसांत दगावतो तो यामुळे, आणि लहान मुलांना तर तेवढाही अवधी मिळत नाही. तापासोबत बरळणे, सारखी उलटी, डोळ्यांना पिवळेपणा किंवा काळसर लघवी दिसली, तर गावातल्या इंजेक्शनवर एक रात्रही काढू नये, सरळ मोठा दवाखाना गाठावा.

स्लाइडवर हे दोन्ही प्रकार ओळखता येतात. डाव्या हाताच्या अनामिकेला सुई टोचून काचेवर एक जाड थेंब आणि एक पातळ लेप घ्यायचा, वाळला की जेएसबी रंगात बुडवायचा, धुऊन पुन्हा वाळवायचा आणि तेलाचा थेंब टाकून शंभरपट भिंगाखाली धरायचा. व्हायवॅक्सने धरलेली तांबडी पेशी फुगलेली आणि गुलाबी ठिपक्यांनी भरलेली दिसते. फॅल्सिपेरमच्या बारीक अंगठ्या असतात आणि त्याची लैंगिक रूपे चंद्रकोरीसारखी वाकडी. त्या कोरी रक्तात उतरायला आजार सुरू झाल्यापासून आठवडा-दीड आठवडा लागतो, म्हणजे रुग्णाचा ताप उतरला असला तरी तो डासांना परजीवी पुरवतच राहतो. प्रकार कळल्याशिवाय औषध ठरवता येत नाही, कारण व्हायवॅक्सवर क्लोरोक्विन चालते, फॅल्सिपेरमला आर्टेमिसिनिनवर आधारित जोडगोळ्या लागतात. आता आशाताईंकडे झटपट तपासणीचे किट असते, पाव तासात निकाल कळतो आणि सरकारी केंद्रात तपासणी व औषध दोन्ही मोफत आहेत. तरीही लोक आधी मेडिकलमधून तापाच्या गोळ्या नेतात, गुण आला नाही की खासगी दवाखान्यात सलाइन लावून घेतात, आणि रक्त तपासायची पाळी येते ती सर्वांत शेवटी.

अलीकडे त्यात डेंग्यूच्या धास्तीची भर पडली आहे. ताप आला की ‘पेशी’ मोजायच्या, हे आता घरातल्या आजीलाही पाठ झाले आहे. प्लेटलेट मलेरियातही कमी होतात, हे मात्र कुणी सांगत नाही. माझ्या भावाच्या मुलीला गेल्या पावसाळ्यात ताप आला तेव्हा तालुक्याच्या गावी एका खासगी दवाखान्यात तिच्या प्लेटलेट पुन्हा पुन्हा मोजल्या गेल्या, त्या कमी निघाल्या, डेंग्यूसदृश असा शेरा पडला, सलाइन झाले, बिल झाले. मलेरियाची स्लाइड काढावी असे तिथे कुणालाच सुचले नाही. ती बरी झाल्यासारखी घरी आली आणि काही दिवसांत पुन्हा हिवाने कुडकुडू लागली, तेव्हा घेतलेल्या स्लाइडवर व्हायवॅक्स निघाला. मोजणीला माझा विरोध नाही. पण त्याच टोचणीत एक थेंब काचेवर घ्यायला काय हरकत आहे?

व्हायवॅक्सचा दुसरा त्रास असा, की त्याचे काही परजीवी यकृतातच निजून राहतात, पेरणीनंतर ओल न मिळाल्याने मातीत तसेच पडून राहिलेल्या बियाण्यासारखे. क्लोरोक्विनने रक्तातले परजीवी मरतात, ताप जातो, पण या निजलेल्यांना त्याचा धक्काही लागत नाही. काही आठवड्यांनी, कधी कित्येक महिन्यांनी ते जागे होतात आणि नव्याने डास न चावताही ताप उलटतो. त्यांच्यासाठी प्रायमाक्विन हे औषध चौदा दिवस घ्यावे लागते. गरोदर बायका व तान्ह्या बाळांना ते देत नाहीत, आणि जी-सिक्स-पीडी नावाचे विकर ज्यांच्या रक्तात कमी असते त्यांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटू शकतात, म्हणून ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यायचे. उपाशीपोटी घेतले की पोटात कळ येते, त्यामुळे जेवणानंतर घ्यावे. माझा अनुभव असा, की तिसऱ्या-चौथ्या दिवशी ताप गेला की उरलेल्या गोळ्या दिवळीत पडून राहतात. पुढच्या खेपेला आरोग्य सेवक आला, तर त्याला रिकामे पाकीट दाखवा असे म्हणण्याचा अधिकारही नसतो आणि बहुधा वेळही नसतो.

आता पाण्याकडे येतो. मराठवाड्यात पाणी साठवणे ही हौस नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते दिवस पाहिलेल्या माणसाला रांजण पालथा घाला असे सांगणे म्हणजे त्याची थट्टा आहे. नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या वस्तीत टिपाडे, हौद, गच्चीवरच्या टाक्या भरूनच ठेवाव्या लागतात. पण शहरी मलेरियाचा मुख्य वाहक ॲनॉफिलिस स्टीफेन्साय याला नेमके हेच स्वच्छ, साचलेले पाणी हवे असते. विहिरी, आड, उघड्या टाक्या, कूलरच्या तळाशी राहिलेले पाणी. खेड्यातला वाहक ॲनॉफिलिस क्युलिसिफेसीज हा ओढ्याची धार आटल्यावर खडकात उरलेली डबकी, कालव्याची पाझर आणि मुरमाच्या खाणीतले खड्डे धरतो. गरम हवेत अंड्यापासून उडता डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणजे आठवड्यातून एकदा भांडे रिकामे करून, आतून घासून, वाळवून पुन्हा भरले, तरी साखळी तुटते. ज्या हौदाला रिकामे करणे परवडत नाही त्याला घट्ट झाकण किंवा दुहेरी बांधलेले धोतराचे फडके, आणि आड-विहिरीत गप्पी मासे. गोणपाट टाकून चालत नाही, ते मधोमध खचते आणि कडेने डास आत जातो. संध्याकाळी टाकीत बॅटरीचा उजेड टाकून पाहिले, तर अळ्या दिसतात. घाण पाण्यातल्या क्युलेक्सच्या अळ्या शेपटाकडून पृष्ठभागाला लटकून डोके खाली सोडतात, ॲनॉफिलिसच्या मात्र पाण्याला समांतर, आडव्या तरंगतात आणि सावली पडताच खाली पळतात.

धुराने यातली एकही अळी मरत नाही. तो फक्त त्या घटकेला बाहेर उडत असलेले डास मारतो, आणि यंत्राचा आवाज आला की आपण काय करतो, तर दारे-खिडक्या लावून घेतो. घरातला डास घरातच राहतो. नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यातल्या टेंभुर्णीने घरोघर शोषखड्डे करून सांडपाणी जमिनीत मुरवले आणि त्या कामाची राज्यभर दखल घेतली गेली. ते खरोखर नावाजण्यासारखे काम आहे आणि प्रत्येक गावाने करावे असे आहे. मात्र शोषखड्ड्याने प्रामुख्याने गटारातला डास हटतो. गावात गटार उरले नाही, म्हणून मलेरियाची काळजी मिटली असे समजून हौदाचे झाकण विसरले, तर उपयोग नाही.

आणखी एका वर्गाचा उल्लेख केल्यावाचून राहवत नाही. दसऱ्यानंतर बीड, धाराशिव, लातूर, परभणीकडून ऊसतोडीच्या टोळ्या बाहेर पडतात, त्या नेमक्या मलेरियाच्या हंगामाच्या शेपटीला. कालव्याकाठच्या उघड्या कोपीत मच्छरदाणीचा प्रश्नच येत नाही. एखाद्याला तिथे ताप आला आणि प्रायमाक्विन सुरू झाले, तर चौदा दिवस पुरे व्हायच्या आत फड बदलतो, कधी जिल्हा बदलतो, आणि नोंद जुन्या ठिकाणीच राहते. ती बाई किंवा तो गडी उन्हाळ्यात गावी परततो तेव्हा यकृतातले परजीवी सोबत येतात. पाऊस पडून डास वाढतात त्या वेळी ते रक्तात उतरले, तर गावात मलेरिया आला कुठून, याचा पत्ता कुणाला लागत नाही. निघण्यापूर्वी आणि परतल्यावर टोळीतल्या तापाच्या प्रत्येक माणसाचे रक्त तपासले जावे आणि उपचाराचे कार्ड त्याच्याच हातात असावे, यासाठी नवा कायदा लागत नाही. मुकादम आणि आशाताई यांची गाठ घालून दिली तरी पुरे.

राज्यातला मलेरियाचा मोठा भार गडचिरोलीवर आहे. मुंबईतही तो दरवर्षी चर्चेत असतो. त्या मानाने मराठवाड्यातले आकडे लहान आहेत आणि माझी चिंता नेमकी त्यामुळेच आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात दरवर्षी साडेसात कोटी लोकांना मलेरिया होई आणि आठ लाख माणसे मरत, असा अंदाज आहे. १९५३ पासून राष्ट्रीय कार्यक्रम चालला, डीडीटीची फवारणी घरोघर झाली, १९६० च्या दशकाच्या मध्यापर्यंत रुग्णसंख्या लाखाच्या आसपास उतरली. मग लढाई जिंकली असे वाटून पकड सुटली, डास डीडीटीला दाद देईनासे झाले, आणि १९७६ मध्ये नोंदलेले रुग्ण सुमारे ६४ लाखांवर गेले. आता २०२७ पर्यंत स्थानिक रुग्ण शून्यावर आणून २०३० पर्यंत मलेरिया हद्दपार करण्याचे केंद्र सरकारचे उद्दिष्ट आहे. रुग्ण कमी सापडतात ते खरोखर कमी आहेत म्हणून, की आपण रक्तच कमी तपासतो म्हणून, हे रक्तनमुन्यांची संख्या पाहिल्याशिवाय ठरवता येणार नाही.

म्हणून संपादक महोदय, आपल्याकडे एक विनंती आहे. तापाच्या साथीची बातमी देताना किती प्रभागांत धूर सोडला, याऐवजी त्या आठवड्यात तालुक्यात तापाचे किती रुग्ण आढळले, त्यांपैकी किती जणांचे रक्त मलेरियासाठी तपासले, निकाल किती दिवसांत मिळाला आणि आरोग्य केंद्रात किट व प्रायमाक्विन शिल्लक आहे का, हे आपल्या वार्ताहरांनी जिल्हा हिवताप कार्यालयाला विचारून छापावे. खासगी दवाखान्यांनी आणि प्रयोगशाळांनी सापडलेला रुग्ण सरकारी यंत्रणेला कळवला का, हेही त्याच चौकटीत यावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
ता. औसा, जि. लातूर